नाव जुळत नाही

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

माझे गेम गेले. एक-दोन नव्हे, तेवीस.

मला राग आलाय, हे नोंदवून ठेवते. कारण घरात सगळ्यांना वाटतंय की मी रडतेय.

झालं असं. कारखान्याचा हंगाम, मग लग्नसराई, मग ऑडिट, यात जानेवारीपासून लॅपटॉप कपाटाबाहेर निघाला नव्हता. आज सासूबाई भिशीला गेल्या, घर रिकामं, म्हटलं दोन तास गेममधला ट्रक चालवू. खातं उघडलं तर समोर पाटी. जुनी खाती बंद झाली. तुम्ही ३१ ऑगस्टच्या आत तुमचं खातं नव्या व्यवस्थेत हलवलं नाही, म्हणून त्यावरची खरेदी आता उपलब्ध नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

मी कशाला हलवू? मी म्हटलं होतं का, हलवा म्हणून? पैसे घेताना कुणी सांगितलं नव्हतं की हे तुमचं आहे, पण आमचा मूड असेपर्यंत. म्हणे तीन ईमेल पाठवले होते. शोधले तर सापडले, सेलच्या शंभर जाहिरातींखाली गाडलेले. कंपनीचं नाव या वहीत लिहिणार नाही. पान बाटेल.

ट्रकचा गेम मी पहिला घेतला, बारामतीला बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला असताना, शिकवण्यांच्या पैशांतून. माझ्या वडिलांनी, तात्यांनी, बावीस वर्षं उसाचा ट्रक चालवला. वरकुट्याला सुट्टीत घरी गेले की ते माझ्याशेजारी खाटेवर बसायचे आणि स्क्रीनकडे बघून मला ओरडायचे, "क्लच हळू सोड. आता आरसा बघ. आरसा कोण बघणार, तुजा मामा?" त्या ट्रकने मी दोन लाख किलोमीटर केलेत. या घरात मला स्कूटीसुद्धा मिळत नाही, 'बारामतीच्या ट्रॅफिकमधी कशाला' म्हणून, आणि तिकडे मी अठरा चाकं बर्फातून उतरवत होते. ट्रकच्या दारावर मी स्वतः रंगवून नाव घातलं होतं. उत्कर्षा मिसाळ.

राजवर्धनला सांगितलं. नवरा म्हणाला, "गेमच तर हायेत. आणि तुला खेळायला येळ तरी कुठं हाय?"

म्हटलं, तुझी बुलेट वर्षातले तीनशे दिवस उभी असते, ती नेऊ का कुणाला? त्यावर तो हसला. मला हसू आलं नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

डोकं तापलेलं असताना कामावर. आणि काम तरी काय, तर काळेश्वर कारखान्याच्या शेअर विभागातली खिडकी. दिवाळीत सभासदांना स्वस्तात साखर मिळते, त्याची पिवळी पुठ्ठ्याची कार्डं यंदा बंद होऊन चिपवाली निळी कार्डं येणार. मुदत ३० सप्टेंबर. आधार दाखवा, अंगठा लावा, निळं कार्ड घ्या. इतकं सोपं आहे, पण लोकांना शेवटच्या आठवड्याशिवाय जाग येत नाही.

आज एका म्हातारीने पंधरा मिनिटं खाल्ली. कोऱ्हाळे बुद्रुकची, दोन एसट्या बदलून आलेली. आधारवर कुशाबाई दादासो खोमणे. पिवळ्या कार्डावर झुंबर गेणबा रणवरे.

"आजी, हे कार्ड कुणाचं?"

"माजंच."

"नाव दुसरं आहे."

"ते माहेरचं. लग्नात कुशाबाई झालं. झुंबर मीच की."

म्हटलं, तसं चालत नाही, तहसीलमधून प्रतिज्ञापत्र करून आणा. ती म्हणाली, माज्या तोंडावरच लिवलंय की मी गेणबाची लेक हाय. मागे रांग तुंबलेली. मी 'पुढचे' म्हटलं.

घरी येऊन कंपनीला पहिली तक्रार पाठवली. सभ्य भाषेत. शेवटची सभ्य.

बुधवार, १७ सप्टेंबर

उत्तर आलं. तुमची निराशा आम्ही समजू शकतो. काही समजत नाही त्यांना. समजलं असतं तर त्या वाक्याची मशीन करून ठेवली नसती.

खातं उघडायचं तर खात्यावरच्या मोबाईल नंबरवर कोड येणार. तो नंबर तात्यांचा जुना. कॉलेजात असताना माझ्याकडे फोन होता कुठे? आणि तात्यांनी ते सिमकार्ड तीन वर्षांपूर्वी रिचार्ज न करता सोडून दिलं. धीर करून नंबर लावला. एका बाईने उचलला.

"भीमाभाऊ न्हाईत हितं," मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली. "दोन वरसं झाली ताई, ट्रक घिऊन या म्हणून फोन येत्यात. माजं बांगड्यांचं दुकान हाय इंदापूरला."

तिचं नाव मेहजबीन. तिला सगळं सांगितलं, भीमाभाऊ माझेच वडील हेही. वाटलं होतं, फोन ठेवून देईल, कारण ओटीपी मागणाऱ्या बाईला कोण शहाणी कोड सांगेल? तिने आधी माझी उलटतपासणी घेतली. भीमाभाऊंचं गाव कोणतं, ट्रक कुणाचा, कुठल्या कारखान्याला ऊस. या प्रश्नांची उत्तरं तिला दोन वर्षांच्या राँग नंबरांनी पाठ झाली होती. मी सगळ्यांत पास झाले. म्हणाली, "शनवारी दुपारी फोन लावा, गिऱ्हाईक कमी असतं."

अख्ख्या प्रकरणात पहिलं माणूस भेटलं.

शनिवार, २० सप्टेंबर

मेहजबीनने कोड वाचून दाखवला, दोनदा. सहाच्या सहा आकडे बरोबर. खातं उघडलं आणि मी मोठ्याने 'उघडलं' म्हटलं, तर ती तिकडून म्हणाली, "आता जपून चालवा." ट्रकचं सांगितलं होतं मी तिला.

मग दुसरी पाटी. ओळखपत्राचा फोटो जोडा. खात्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच हवं.

खात्यावर उत्कर्षा भीमराव मिसाळ. माझ्या प्रत्येक कागदावर राजनंदिनी राजवर्धन थोरात.

लग्नात ताटात तांदूळ पसरून राजवर्धनने अंगठीने ते नाव लिहिलं. फोटोत मी हसतेय. दोन दिवस आधी त्याने फोनवर विचारलं होतं, राजनंदिनी कसं वाटतं, आणि मी म्हटलं, छान आहे. मला खरंच छान वाटलं होतं, एखाद्या दुसऱ्या मुलीचं नाव छान वाटावं तसं. मग सासऱ्यांनी महिनाभरात गॅझेट करून आधार, पॅन, बँक, सगळं बदलून आणलं. मला सही करायला बोलावलं की मी जायचे. कोरी करकरीत नवी सही. कुणी दटावलं नव्हतं, हे खरं लिहिते. कुणी विचारलंही नव्हतं. आणि आता कुठल्यातरी देशातली एक कंपनी मला सांगते की उत्कर्षा मिसाळ असल्याचा पुरावा दे. माझ्याकडे नाही. दहावीचं प्रमाणपत्र आहे, ते त्यांच्या यादीत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स यादीत आहे, ते माझ्याकडे कुठल्याच नावाचं नाही.

संताप संताप झाला. राजवर्धनला विचारलं, माझं नाव कशाला बदललंस? तो जेवत होता. म्हणाला, "समद्यांचंच बदलत्यात." आणि भाकरी मागितली.

मंगळवार, २३ सप्टेंबर

ती कोऱ्हाळ्याची म्हातारी परत. प्रतिज्ञापत्राच्या नावाने शंख. त्याऐवजी पिशवीतून पितळेची कळशी काढून खिडकीत ठेवली. बापाने लग्नात दिलेली. गळ्यावर कोरलेलं, 'झुंबर गेणबा रणवरे'.

"ह्यो घ्या पुरावा. साठ वरसांचा हाय. तुमच्या मशिनीला येवडा जुना कागद घावनार न्हाय."

बिरू शिपाई इतका हसला की बाहेर जाऊन आला. मलाही हसू आलं. यादी दाखवली: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, प्रतिज्ञापत्र. म्हटलं, आजी, यात कळशी नाही. तहसीलला का गेला नाहीत? तर म्हणे गेली होती, तिथे शाळेचा दाखला मागितला. शाळेत तिला कुणी घातलंच नव्हतं.

मी तिला समजावून बघितलं. पाच-दहा किलो साखरेसाठी या वयात एवढी दगदग कशाला? त्यावर ती म्हणाली, "साखर कुनाला पायजे? मला शुगर हाय, च्या बिनसाखरंचा पिते. माज्या बापानं चार पोरं सोडून माज्या नावानं शेअर घेतलावता. ते नाव हितंच हाय. दुसरीकडं कुठंच न्हाय."

खायची नाही तर रांगेत उभं कशाला राहायचं, हे कोडं मला सुटलं नाही. लोकांना वेळ असतो. मी नियम समजावून सांगितला, आवाज न चढवता. कळशी पिशवीत घालायला तिला मदतही केली.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

कंपनीला गॅझेटचा फोटो पाठवला. मराठीत आहे म्हणून वाचता येत नाही म्हणाले. मग आमची लग्नपत्रिका पाठवली, तिच्यात चि. सौ. कां. उत्कर्षा आणि चि. राजवर्धन स्पष्ट छापलंय, खाली भाषांतर जोडलं, लग्नाचा फोटो जोडला, त्यात तांदळातलं नावसुद्धा दिसतं. दोन तास घालवले.

उत्तर चार मिनिटांत. हा दस्तऐवज आमच्या स्वीकृत यादीत नाही.

चार मिनिटांत काय वाचलं त्यांनी? यादी, यादी, यादी. समोर जितंजागतं माणूस ओरडून सांगतंय की ते मीच आहे, आणि हे दगड यादी दाखवतात. असली नोकरी करणाऱ्यांना रात्री झोप कशी लागते, हे एकदा विचारायचं आहे मला.

मंगळवार, ३० सप्टेंबर

मुदत संपली. तीनशे बारा सभासदांनी कार्ड बदललं नाही. संध्याकाळी पाचला यादी तपासून एकेक 'बंद' केलं. साहेब म्हणाले, थोरातबाई, शेअर विभागाचं काम पहिल्यांदा वेळेत झालं. बरं वाटलं. या महिन्यात कुणी माझ्याबद्दल बरं बोललं नव्हतं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

शेवटचा निर्णय आला. तुमचं खातं तुमचंच असल्याची खात्री पटू शकली नाही. हा निर्णय अंतिम असून हे संभाषण आता बंद करण्यात येत आहे. खाली विचारलं होतं, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

मी एक पान भरून उत्तर लिहिलं. अकरा वर्षं मी तुमच्याकडे पैसे भरले तेव्हा कधी विचारलं नाहीत की तू कोण. पैशाला नाव लागत नाही, परत द्यायच्या वेळी लागतं. तुम्ही माझा ट्रक घेतलात, माझे दोन लाख किलोमीटर घेतलेत, आणि वर मलाच म्हणता की मी मी नाही. पाठवायला गेले तर संभाषण बंद.

तात्यांना फोन केला. त्यांना गेमचं फार कळत नाही, पण ट्रक गेला हे कळलं. मग म्हणाले, "कुठं हाय त्यांचं हापिस? मी येऊ का? सांगतो की त्यास्नी, ही माजीच लेक हाय. उत्कर्षा नाव मीच ठेवलं."

मी म्हटलं, तात्या, असं नसतं तिथे. मग मात्र रडले. रागानेच, पण रडले.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

साखर वाटप सुरू. सकाळपासून रांग गेटापर्यंत. सभासदाने कार्ड मशीनवर ठेवायचं, स्क्रीनवर हिरवं आलं की पावती, पावती दाखवून गोदामात साखर.

साडेअकराला कुशाबाई. हातात पिवळं कार्ड, धुतलेली इस्त्रीची साडी. मला वाटलं भांडायला आली असेल, पण ती गुपचूप रांगेतून आली होती, सगळ्यांसारखी. मी कार्डाचा नंबर टाकला. स्क्रीन लाल.

"काय लिवलंय? मला वाचता येत न्हाय. वाच की."

मी वाचायला लागले. "आपण दिलेल्या मुदतीत आपले जुने कार्ड नव्या व्यवस्थेत हलवले नाही, त्यामुळे त्यावरील लाभ आता उपलब्ध नाही. झालेल्या..."

पुढचं तोंडातून निघेना. हे वाक्य मी लिहिलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, याच खुर्चीत, साहेबांनी 'जरा चांगल्या भाषेत काहीतरी टाका' म्हटलं म्हणून. कंपनीची पाटी मी बघितली त्याच्या महिनाभर आधी. कुणाचं बघून लिहिलं नव्हतं. माझं मलाच सुचलं होतं.

"थांबलीस का?"

"झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"कोन दिलगीर हाय? ह्ये कुनी लिवलंय?"

रांगेतली माणसं बघत होती. म्हटलं, "मी."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने कार्ड उचलून पदराच्या टोकात बांधलं आणि विचारलं, "तुजं नाव काय? सुनंकडनं अर्ज लिवून घेते, वर देते."

माझ्या छातीवर बिल्ला होता, राजनंदिनी रा. थोरात. तिला वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, "उत्कर्षा मिसाळ."

का म्हटलं, कळत नाही. लपायला म्हटलं नाही, हे मला नक्की माहीत आहे, पण हे कुणाला पटवून देता येणार नाही. महिनाभर ज्या लोकांना मी शिव्या घातल्या, त्यांच्यातली एक मी आहे. त्यांच्यापेक्षा वाईट. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं, मला तिचं तीनदा दिसलं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी संपली. टेबलावर अर्ज होता, सुनेच्या वळणदार अक्षरात. उत्कर्षा मिसाळ या बाईने माझा पुरावा न बघता माझं कार्ड बंद केलं, तरी चौकशी होऊन माझ्या वडिलांनी दिलेलं नाव परत मिळावं. खाली अंगठा.

साहेबांनी चहा घेता घेता निकाल लावला. "अशी कोणी बाई आपल्याकडं न्हाय. मस्टर बघितलं मी. 'नाव जुळत नाही' असा शेरा मारा आणि दप्तरी दाखल करून टाका. नायतर आवक नंबर टाकला की पाच तारखेला संचालकांपुढं ठेवावा लागंल, आणि मग तीनशे अकरा अजून येतील."

शेरा मारायचं काम माझं. शिक्का माझ्याच खणात.

मी म्हटलं, "साहेब, उत्कर्षा मिसाळ मी."

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग सगळं सांगितलं, ताटातले तांदूळ, गॅझेट. गेमचं नाही सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. "पुरावा काय पण?" असं हसतच म्हणाले, आणि मग हसणं थांबवून, "बाई, तुमी कंत्राटी. मार्चमधी तुमची ऑर्डर नव्यानं निघायची हाय. सासरे शब्द टाकून गेलेत म्हणून सांगतो. हे अंगावर कशाला घेता? कागदावर तुमी न्हाईतच की यात."

तेच तर. मी यात कुठेच नव्हते.

अर्ज पुढे ओढला आणि खाली लिहिलं: तक्रार खरी आहे. सभासदाने पितळी कळशी पुरावा म्हणून आणली होती, ती मी बघितली, तिच्यावर नाव आहे. झुंबर गेणबा रणवरे आणि कुशाबाई दादासो खोमणे या एकच बाई आहेत. कार्ड चालू करावं. मग सही केली, उत्कर्षा मिसाळ. लग्नानंतरच्या दीड वर्षात ती सही मी एकदाही केली नव्हती. हात अडेल असं वाटलं होतं, पण सरळ गेली, शेवटच्या 'ळ'खालच्या रेघेसकट.

साहेबांनी कागद उचलला, चष्मा लावला, मस्टर उघडून दोन्ही शेजारी शेजारी धरलं.

"ही सही आपल्या रेकॉर्डशी जुळत न्हाय."

"नाही जुळणार," मी म्हटलं. "आवक नंबर टाका."